शंभरातले तीन

डॉक्टर नाझनीन पटवेगारांनी सारिकाला आत बोलावलं, तेव्हा तिला वाटलं, भावाचा रिपोर्ट सांगायचा असेल. रिपोर्ट टेबलावर होताच. पण डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. दार लावून घेत त्यांनी विचारलं, "सारिकाताई, तुमचा तो दिवा आज जवळ आहे का?"

दिवा तिच्या पिशवीत कायम असायचा. पंज्याएवढं काळं यंत्र, एका टोकाला जांभळा उजेड आणि भिंग, पाठीवर पत्त्याच्या पानाएवढा पडदा. गडहिंग्लजच्या पेठेत सारिका धोत्रेला लोक नावापेक्षा त्या दिव्यावरूनच जास्त ओळखायचे. 'उगवती' महिला संस्थेच्या एकशेबारा बायका हॉटेलं, मंगल कार्यालयं, मिठाईची दुकानं, कपड्यांच्या शोरूम अशा सगळ्या धंद्यांतून एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक गोळा करत, आणि कुणाचं किती आलं ते सारिका दिव्यानं वाचून नोंदवत असे.

धनाजी, तिचा धाकटा भाऊ, तीन आठवडे त्याच दवाखान्यात होता. वय चाळिशीच्या आत, विडीला कधी शिवला नव्हता, आणि दहा पावलं चालला की भिंतीला टेकायचा. डॉक्टरांनी नळी घालून त्याच्या फुप्फुसातला एक कोपरा मिठाच्या पाण्यानं धुवून घेतला होता आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं. काजळी दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. काजळी दिसली. तिच्यात काही ठिपके होते, आणि अतिनील उजेड पडला की ते लाल-हिरवे चमकत होते.

"मला हे काय आहे ते वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण कुणाला येतं, ते माहीत आहे."

तो दिवा काय वाचायचा, ते इथं सांगायला हवं.

प्लास्टिकवर खूण घालायचा कायदा येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्याआधी नदीत, ओढ्यात, गटारात प्लास्टिकचे ग्लास नि पिशव्या सापडायच्या आणि शहरातला प्रत्येक धंदेवाला म्हणायचा, हे आमचं नव्हे. चुरगळलेल्या ग्लासावर नाव कुठलं राहायला? शास्त्रज्ञांनी त्यावर उपाय काढला तो कणांचा. चिनी मातीच्या जातीचा, भट्टीत भाजून तयार केलेला सूक्ष्म कण. खसखशीच्या एका दाण्यावर असे हजार कण एका ओळीत मावतील, इतका बारीक. त्या कणात युरोपियम, टर्बियम, डिस्प्रोशियम अशी काही दुर्मिळ मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात मिसळलेली. जांभळ्या उजेडात युरोपियम लाल चमकतं, टर्बियम हिरवं, डिस्प्रोशियम पिवळं. प्रमाण बदललं की रंगांचा मेळ बदलतो, म्हणजे खूण बदलते. प्रत्येक धंद्याला एक खूण मिळाली, आणि त्याच्यासाठी बनणाऱ्या ग्लासात, डब्यात, पिशवीत त्याच खुणेचे कण कारखान्यातच कालवले जाऊ लागले. ग्लास धुवा, कापा, वितळवा. एकेका कणाला आपल्या मालकाचं नाव पाठ.

जाळलं तरी तेच. प्लास्टिक धूर होऊन जातं, कण जात नाही. तो जन्मलेलाच मुळी त्याहून मोठ्या आगीत. कायद्यानं या गुणाचाच उपयोग करून घेतला होता. औद्योगिक वसाहतीतल्या प्रक्रिया कारखान्यात प्लास्टिक बंद भांड्यात, हवेचा स्पर्श न होऊ देता तापवलं जाई. त्याचं तेल होऊन वाफेवाटे निघून जाई आणि तळाशी काजळी राही. सगळे कण त्या काजळीत. ती पोत्यांत भरून संस्थेच्या शेडात परत येई. जाताना किती कण गेले आणि काजळीत किती परतले, एवढं जुळलं की प्लास्टिक खरोखर मार्गी लागलं असं सिद्ध होई. दोन्ही वेळचं वाचन सारिकाचं, आणि त्याखाली अंगठाही तिचाच. शंभर कणांमागे पाचपर्यंत घट कायद्याला चालत होती. 'उगवती'चा आकडा दर महिन्याला सत्त्याण्णव यायचा. जिल्ह्यात इतकी चांगली संस्था दुसरी नव्हती.

तिनं काचपट्टीवर दिवा धरला. पडद्यावर पहिलं नाव उमटलं ते एका मंगल कार्यालयाचं. मग बसस्थानकासमोरच्या मिठाईवाल्याचं. मग एका साडी शोरूमचं. अकरा कण वाचून झाले, त्यांत सात धंदे निघाले. सातही तिच्या स्वतःच्या फेरीतले होते. त्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दारातून ग्लासांच्या गोण्या तिनं स्वतः ओढून गाडीत घातल्या होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या माहितीप्रमाणे कण निरुपद्रवी आहे, घात केला तो धुरानं. कण नुसता धुरासोबत आत जाऊन बसला. धनाजीच्या फुप्फुसाचा खालचा भाग कडक झाला होता, तो परत यायचा नाही. यापुढे ऑक्सिजनची नळी लागेल. मग त्यांनी विचारलं, हा काम कुठं करतो?

"गुऱ्हाळावर," सारिका म्हणाली. "चुलवाणात जळण घालतो. उसाच्या चिपाडाचा धूर असतो तिथं."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं ओढला. चमकणारे कण दिसले एवढं त्या लिहिणार होत्या. कण कुणाचे, ते सांगायचं की नाही हे सारिकानं ठरवायचं होतं. यंत्रात ते वाचन आता आठ दिवस राहणार होतं. तोवर तिनं अंगठा लावून ते जिल्ह्याच्या केंद्राकडं धाडलं नाही, तर आपोआप पुसलं जाणार होतं.

दवाखान्यातून ती घरी गेली नाही. सरळ आक्कांकडं गेली.

इंदुमती शिंत्रे म्हणजे 'उगवती'च्या आक्का. पूर्वी त्या बालवाडीच्या बाई होत्या. सारिका तेव्हा नवऱ्यानं टाकलेली, गावाबाहेरच्या कचरा डेपोवर दिवसभर वाकलेली. आक्कांनी तिला तिथून उचलून शेडात आणलं. तिसाव्या वर्षी तिला दहावीला बसवलं, आणि प्रत्येक पेपरला परीक्षाकेंद्राच्या बाहेर पिंपळाखाली चहाचा थर्मास घेऊन स्वतः बसून राहिल्या. गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा सारिका बाहेर येऊन रडली, तर त्यांनी तिला आधी चहा पाजला आणि मगच विचारलं, किती सोडवलंस. दिवा आला तेव्हा तो कुणाच्या हाती द्यायचा यावर बैठकीत बराच वाद झाला होता. आक्का म्हणाल्या होत्या, "माझ्या लेकीच्या हाती." त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या दिवशीही त्यांनी आधी चहा टाकला. सारिकानं सगळं सांगितलं. आक्का ऐकत होत्या. कुणीतरी हॉटेलवाला मागच्या अंगणात जाळत असेल, मी बघते, असं म्हणाल्या. धनाजीच्या औषधपाण्याचं काही अडलं तर हक्कानं सांग, असंही म्हणाल्या. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "हे अजून कुणाला बोललीस का?"

नाही, असं सांगून सारिका चालू लागली. पेठेतून जाताना तिच्या मनात तो प्रश्न पुन्हा उमटला, आणि तिची पावलं मंदावली. आक्कांनी 'कुणी जाळलं असेल' याच्यापेक्षा 'कुणाला कळलंय' याची चौकशी जास्त बारकाईनं केली होती.

मग तिला ते तीन आठवले.

भांडं बंद असतं. हवा आत जात नाही, कण बाहेर येत नाही. मग शंभराचे सत्त्याण्णव का? एकदा तिनं आक्कांना हे विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, वाहतुकीत सांडतं. तेव्हा तिला ते पटलं होतं. आता वाटलं, सांडलं असतं तर एखाद्या महिन्याला एक सांडलं असतं, एखाद्या महिन्याला पाच. दर महिन्याला नेमके तीनच कसे सांडतील? मोजून मापून इतकंच हरवत असेल, तर ते सांडत नाही. कुठल्यातरी धुराड्यातून ठरल्या वाटेनं बाहेर पडतं. शंभरातले सत्त्याण्णव राखेत राहतात आणि तीन धुराबरोबर वर जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नदीकडच्या मळ्यात गुऱ्हाळावर गेली. धनाजीचे कपडे आणि डबा राहिलाय, असं सांगून जाणार होती, पण तिला कुणी हटकलंच नाही. हंगाम भरात होता. काहिलीत रस उसळत होता आणि मळी काढणारे दोघं घामानं निथळत होते. ती मागच्या बाजूला गेली. तिथं चिपाडाचा ढीग होता, आणि ढिगाआड निळ्या पट्टीनं बांधलेले प्लास्टिकचे गठ्ठे रचून ठेवले होते. पट्टीला दुहेरी गाठ. 'उगवती'च्या शेडात गाठ कशी मारायची, हे नव्या बायकांना सारिकाच शिकवायची.

चुलवाणाच्या तोंडाशी धनाजीच्या जागी आलेला एक उतारवयाचा माणूस बसला होता. एक गठ्ठा फोडून तो मूठमूठ आत सारत होता. चिपाडं ओली असली की जळत नाहीत, आणि हे घातलं की जाळ कसा फडफडतो, ते त्यानं तिला आपणहून सांगितलं. बाजूला चाळणी होती. थंड झालेली राख चाळून पोत्यांत भरली होती, आणि पोत्यांवर प्रक्रिया कारखान्याचं नाव छापलेलं होतं.

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "धनाची भन न्हवं तुम्ही? आज राख न्यायला तुम्ही आलाय व्हय?"

ती नुसतीच मान हलवून मागं फिरली. काजळी कधी काळीभोर यायची, कधी राखाडी. कारखान्यातून तशीच येते, असं तिला सांगितलेलं होतं. ती राखाडी पोती तिनं स्वतः उघडली होती, चमचाभर राख काचेवर घेऊन दिवा धरला होता, आणि आकडा जुळला म्हणून दर महिन्याला समाधानानं अंगठा लावला होता. कण आगीत मरत नाही, हाच तर त्याचा गुण. बंद भांड्यात तापवा नाहीतर उघड्यावर जाळा, मोजायला तो हजर. ज्या गुणावर कायदा उभा होता, त्याच गुणावर ही लबाडी उभी होती, आणि दोन्हींच्या मधे तिचा अंगठा होता.

तिथून ती दवाखान्यात गेली. धनाजी उशीला टेकून बसला होता, नाकाला नळी. तिनं खुर्ची ओढून घेतली आणि हळू आवाजात विचारलं, चुलवाणात तू काय घालत होतास?

तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे आता इचारतीस?"

तिनं पुन्हा विचारलं. तुटक तुटक का होईना, तो बोलला. अडीच वर्षं गठ्ठे येत होते. राखेची पोती गाडीत भरून कारखान्याच्या फाटकापर्यंत न्यायचं कामही त्याचंच होतं. नोकरी आक्कांनी लावून दिली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, हा विषय घरात काढायचा नाही.

"आणि तू काढला न्हाईस," सारिका म्हणाली. "एका ताटात जेवत होतो आपण."

"तुला सांगायचं काय त्यात?" असं म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

तिला तो उद्धटपणा वाटला. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. तिनं त्याला वाढवलं, त्याचं लग्न मोडलं तेव्हा परत घरात घेतलं. त्यानं अडीच वर्षं तिच्या पाठीमागं तिच्याच गठ्ठ्यांना काडी लावली, आणि आज वर विचारत होता, तुला सांगायचं काय. ती उठून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटत होतं. आलं नाही.

आक्कांनी मात्र काहीच नाकारलं नाही.

शेडाच्या मागं त्यांची छोटी खोली होती, तिथं त्या निवडणीच्या पाळ्या लावत बसल्या होत्या. सारिका दारातच उभी राहिली. आक्कांनी कागद बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, जणू या दिवसाची तयारी त्यांनी बरीच आधी करून ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी कारखान्याचं मोठं भांडं तडकलं. नवं आणायचं त्यांनी लांबवलं ते लांबवलंच. शंभरातलं चाळीसच ते घेऊ शकत होते. तेही कोरडं, स्वच्छ. खरकटं लागलेले ग्लास, चकाकत्या पापुद्र्यांच्या पिशव्या, हे सगळं ते फाटकातून परत पाठवायचे. हे वर कळवलं असतं तर 'उगवती'चा परवाना त्याच दिवशी थांबला असता, धंदेवाल्यांनी दुसरी वाट धरली असती, आणि एकशेबारा बायका पुन्हा डेपोवर वाकल्या असत्या. तेवढ्यात गुऱ्हाळवाल्याला जळण हवं होतं. राख परत आणायची युक्ती कारखान्यातल्याच एकानं सुचवली. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे असं तेव्हा वाटलं होतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" सारिकानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू अंगठा लावला असतास?"

सारिकानं नकारार्थी मान हलवली.

"म्हणून," आक्का म्हणाल्या.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. हा प्रश्न विचारायलाच ती आली होती. चुलवाणावर बसवायला जगात दुसरा माणूस नव्हता का? धनाजीच कशाला?

आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बाहेरचा माणूस उद्या कुठं बोलला असता. हा तुझा भाऊ होता. तुझ्या नावाला धक्का लागेल असं तो बोलणार नव्हता." चष्मा पुन्हा चढवून त्या म्हणाल्या, "धुराचं एवढं होईल, असं मला वाटलं नाही, सारिका."

सारिकाला वाटलं होतं, आपण ओरडू, काहीतरी फेकू. प्रत्यक्षात ती उभीच राहिली. पिंपळाखालचा तो थर्मास तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि पहिल्यांदाच मनात आलं की त्या दिवशीही ही बाई आपल्याला कशासाठी तरी तयार करत होती का? असं नसणार, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा ना कायदा होता, ना दिवा. पण शंका एकदा मागं वळली की ती कुठवर मागं जाईल याला धरबंध नसतो. चौदा वर्षांतला एकेक दिवस ती उलटा करून बघू लागली, आणि एकही पहिल्यासारखा दिसेना.

जायला निघाली तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, की वाचन धाडण्याआधी बायकांच्या तोंडाकडं एकदा बघ.

तिनं बघितलं. पुढचे चार दिवस ती रोजच्यासारखी शेडात गेली. निवडणीच्या सरकत्या पट्ट्यासमोर बायका झाकणं वेगळी, ग्लास वेगळे असं निवडत होत्या. कुणाच्या लेकीची दहावी होती, कुणाची सासू पडून होती. एकजण तिच्यासाठी घरची शेंगदाण्याची चटणी घेऊन आली, धनाजीला तोंडाला चव नसेल म्हणून. सारिकानं ती घेतली. यांतल्या कुणी काही केलेलं नव्हतं, आणि सगळं यांच्यावरच कोसळणार होतं. आठवा दिवस गुपचूप गेला असता, तर वाचन पुसलं गेलं असतं. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा जुळला असता. आणि चुलवाणाच्या तोंडाशी तो उतारवयाचा माणूस मूठमूठ आत सारत बसला असता.

सातव्या दिवशी सकाळी, शेड उघडायच्या आधी, तिनं दिवा चालू केला आणि अंगठा टेकवला. पडद्यानं विचारलं, कण कुठं सापडले? खाली यादी होती : दुकान, रस्ता, शेड, कारखाना, नदी, शेत, इतर. यादी करणाऱ्यांना माणूस सुचला नव्हता. तिनं 'इतर' निवडलं, आणि पुढच्या रिकाम्या जागी एकेक अक्षर जुळवत लिहिलं : धनाजी धोत्रे, छातीत.

पुढं काय झालं ते वेगानं झालं. गुऱ्हाळ बंद पडलं, कारखान्याला टाळं लागलं, 'उगवती'चा परवाना निलंबित झाला. पोलिसांनी आक्कांना नेलं तेव्हा शेडातल्या बायका रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्याजणी सारिकाकडं पाठ करून उभ्या होत्या. चटणी देणारीही त्यांतच होती. काहीजणींना शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं घेतलं, काहीजणी धुणीभांडी करू लागल्या, आणि सात-आठजणी डेपोवर दिसतात असं सारिकाच्या कानावर आलं.

चौकशी तालुक्याच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर चालली होती. प्रत्येक नोंदीखाली अंगठा सारिकाचा होता, त्यामुळं तिलाही आरोपी करायचं की साक्षीदार, हा प्रश्न होता. आक्कांचा जबाब आधीच झाला होता. अधिकाऱ्यांनी तो वाचून दाखवला. आक्कांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि सारिकाबद्दल लिहून दिलं होतं : 'तिला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिचा अंगठा आमच्या काही उपयोगाचा नसता.'

त्या एका वाक्यानं ती सुटत होती. आणि आजवर कुणी इतकं वाईट तिच्याबद्दल बोललं नव्हतं.

मग धनाजीला विचारलं. तो खुर्चीत बसला होता, ऑक्सिजनची टाकी पायाशी. अधिकाऱ्यांना एवढंच हवं होतं, की तुमच्या बहिणीला ठाऊक नव्हतं, बरोबर ना?

"ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

धनाजीनं दम घेतला.

"अडीच वर्सं माझी कापडं हिनंच धुतली, सायेब. शेडात पारखायला तुकड्याला काडी लावली, की डोळं झाकून नुस्त्या वासावर ही सांगती, कुठलं प्लास्टिक जळलंय. माझ्या सदऱ्याचा वास हिला कळला न्हाई, असं कसं म्हणू मी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. सारिकानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला दवाखान्यातला त्याचा चेहरा समजला. 'तुला सांगायचं काय त्यात' असं तो म्हणाला होता, ते त्याच्या मनात जसं होतं तसंच. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ताईला माहीत आहे, ती मुद्दाम विषय काढत नाही, म्हणून आपणही काढायचा नाही. फसवतोय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. फसवलं कुणी असेल तर तिनं, असं त्याला वाटत होतं. सगळं ठाऊक असून तिनं त्याला रोज सकाळी डबा भरून त्या चुलवाणावर जाऊ दिलं, आणि मग एके दिवशी स्वतःच जाऊन सांगून आली.

अधिकारी तिला म्हणाले, तुमच्या भावाची तब्येत बरी नाही, आणि ही नुसती त्यांची समजूत आहे. तुम्हाला नकोच असेल तर हे नोंदवलं नाही तरी चालेल; शिंत्रेबाईंचा जबाब पुरेसा आहे.

सारिकाला मोरीतली ती बादली आठवली. सदरा पाण्यात बुडवला की एक वास वर यायचा. गुळाचा, घामाचा, चिपाडाच्या धुराचा, आणि त्या सगळ्यांच्या खाली आणखी एक, गोडसर, घशाला लागणारा. ग्लासाच्या कडेला काडी लावली की येतो तो. तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं असतं तर पुढं जाऊन विचारावं लागलं असतं.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"वास यायचा. मी साबण जास्त घालायची."

अधिकाऱ्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि ते लिहून घेतलं. तिनं वाचून खाली सही केली. अंगठा नको, सही करते, असं तिनंच सांगितलं. आरोपी की साक्षीदार, ते वरून ठरेल, आठवड्याभरात कळवू, असं तिला सांगण्यात आलं.

जिन्यावरून उतरताना धनाजीला टाकी उचलवेना. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, मदतही मागितली नाही. तिनं टाकी उचलून कमरेवर घेतली. खाली रस्त्यावर उन्हं चढली होती, आणि कचेरीच्या फाटकापाशी 'उगवती'च्या दोघीतिघी उभ्या होत्या. धनाजी पुढं चालू लागला, ती मागं. नळी जेमतेम दोन हात लांब होती. तो थांबला की तिला थांबावं लागत होतं, ती मागं राहिली की त्याला. तेवढंच अंतर राखून, दोघं घराकडं निघाले.